नक्षत्रं, योगायोग आणि अर्धा तास

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ सुरू होतं तेव्हा एक नट एकटाच रंगमंचावर येतो आणि चौदा ओळींत सगळी गोष्ट सांगून मोकळा होतो. व्हेरोना शहर, तिथली दोन तोलामोलाची घराणी, त्यांचं जुनं वैर, त्या वैऱ्यांच्या पोटी जन्मलेली दोन मुलं, त्यांचं प्रेम आणि त्यांचं मरण. मुलं मेल्याशिवाय आईबापांचं भांडण मिटणार नाही, हेही तो लपवत नाही. या जोडीच्या माथी वाकडी नक्षत्रं लिहिलेली होती, असं म्हणून तो आत निघून जातो.

पुढे काय होणार हे कळल्यावर प्रेक्षकाने पाहायचं ते कसं होतं एवढंच. शेक्सपियरची खरी करामत इथून सुरू होते. शेवट ठरलेला आहे, असं आधीच बजावून झाल्यावर तो जवळजवळ प्रत्येक प्रसंगात कुणाला तरी निर्णयाच्या तोंडाशी आणून उभं करतो. मेजवानीला जायचं की नाही, तलवार उपसायची की नाही, खरं सांगायचं की दडवायचं, थांबायचं की निघायचं. प्रत्येक वेळी दुसरी वाट समोर दिसत असते आणि प्रत्येक वेळी ती हुकते.

म्हणूनच चारशे वर्षांत या नाटकाचे तीन निकाल लागले. कुणी म्हणालं, ही नशिबाची शोकांतिका. कुणी म्हणालं, ही तर नुसत्या योगायोगांची माळ, हिला शोकांतिका तरी कशाला म्हणायचं? तिसरा निकाल घरोघरी लागतो. पोरं उतावीळ होती, मोठ्यांचं ऐकलं नाही, त्याचं फळ मिळालं. हे तिन्ही निकाल बाजूला ठेवून साधा हिशेब मांडून पाहू. या पाच दिवसांत कुणाच्या हाती किती पर्याय होते, आणि ज्याच्या हाती होते त्याने त्यांचं काय केलं?

नऊ महिन्यांचे पाच दिवस

ही गोष्ट शेक्सपियरची नव्हे. इटलीत ती त्याच्या शंभर वर्षं आधीपासून फिरत होती. १४७६ मध्ये मासुच्चो सालेर्नितानो या लेखकाची सिएना शहरातल्या अशाच एका जोडप्याची कथा छापून आली. १५३०च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने ती व्हेरोनात नेली आणि मुलांना आपल्या ओळखीची नावं दिली. घराण्यांची नावं त्याहून जुनी आहेत. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त माँटेक्की आणि कॅपेल्लेत्ती, म्हणजे शेक्सपियरचे माँटेग्यू आणि कॅप्युलेट, यांचा उल्लेख येतो. पुढे १५५४ मध्ये बांदेल्लोने इटालियनमध्ये, १५५९ मध्ये बुआस्तुओने फ्रेंचमध्ये ही कथा सांगितली आणि १५६२ मध्ये आर्थर ब्रूक याने तिचं इंग्रजीत लांबलचक काव्य केलं. शेक्सपियरच्या टेबलावर होतं ते हे काव्य. त्याने १५९५च्या आगेमागे नाटक लिहिलं. त्याची कच्ची प्रत १५९७ मध्ये छापून आली, आणि सुधारून वाढवलेली १५९९ मध्ये.

ब्रूकने प्रस्तावनेतच कान उपटले आहेत. आईबापांचा अधिकार झुगारणारी, बडबड्या बायका आणि भोंदू साधूंच्या नादी लागणारी मुलं कशी धुळीला मिळतात, ते पाहा, असा त्याचा सूर. काव्य सुरू झाल्यावर मात्र त्यालाही मुलांची कणव येते आणि तो सगळा दोष भाग्यदेवीच्या चाकावर टाकतो. म्हणजे घरोघरचा निकाल आणि नशिबाचा निकाल, दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदतात.

शेक्सपियरने कथानक जवळजवळ जसंच्या तसं उचललं, पण त्याने केलेल्या दुरुस्त्या बोलक्या आहेत. ब्रूकची गोष्ट नऊ महिने चालते. नाताळच्या सुमारास ओळख, मग गुपचूप लग्न, मग दोनेक महिन्यांचा चोरटा संसार, मग ईस्टरच्या आसपास भांडण आणि खून. शेक्सपियर हे सगळं जुलैच्या एकाच आठवड्यात कोंबतो. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी लग्न, त्यानंतर तासाभरात खून आणि संध्याकाळपर्यंत हद्दपारी. मंगळवारी पहाटे ताटातूट, त्याच रात्री औषधाचा प्याला, बुधवारी प्रेतयात्रा, आणि आठवडा संपायच्या आत कबरीत तीन प्रेतं. दोघं जागेपणी एकमेकांसोबत दिसतात ती फक्त चार प्रवेशांत.

दुसरी दुरुस्ती वयाची. बांदेल्लोची ज्युलिएट अठरा वर्षांची, ब्रूकची सोळाच्या उंबरठ्यावरची. शेक्सपियरच्या ज्युलिएटला चौदा पूर्ण व्हायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. त्या काळी सगळ्याच मुलींची लग्नं इतक्या लवकर होत, असा आपला समज असतो, पण तो खरा नाही. चर्चच्या कायद्याने मुलीचं लग्न बाराव्या वर्षी होऊ शकत असलं, तरी इंग्लंडमधल्या सर्वसाधारण मुली पंचविशीच्या आसपास लग्न करत. खुद्द शेक्सपियरने १५८२ मध्ये अठराव्या वर्षी लग्न केलं तेव्हा त्याची बायको सव्वीस वर्षांची होती. नाटक लिहिलं त्या सुमारास त्याची थोरली मुलगी सुझाना बारा-तेरा वर्षांची होती. तेव्हा तेरा हे वय लंडनच्या प्रेक्षकालाही कोवळंच वाटलं असणार, आणि ते तसं वाटावं म्हणूनच नाटकात ते पुन्हा पुन्हा सांगितलं जातं.

वेळ कमी, वय कमी. नशिबाची गोष्ट सांगायला यांतल्या कशाचीच गरज नव्हती. नशीब नऊ महिन्यांतही आपलं काम करू शकतं. पाच दिवसांत मात्र एक होतं. चूक झाली, तर ती सुधारायला कुणाकडे वेळच उरत नाही.

नक्षत्रांवरचा विश्वास

आज ‘नक्षत्रं वाकडी’ हे बोलण्यापुरतं राहिलं आहे. पहिल्या एलिझाबेथच्या इंग्लंडात नक्षत्रांवरचा विश्वास रोजच्या व्यवहाराचा भाग होता. राणीचा राज्याभिषेक कधी करायचा, याचा मुहूर्त जॉन डी या गणितज्ञ-ज्योतिषाने काढला होता आणि त्याप्रमाणे १५ जानेवारी १५५९ ला तो झाला. लंडनमध्ये सायमन फॉर्मन नावाचा ज्योतिषी-वैद्य होता. आजारपण, हरवलेल्या वस्तू, लग्न, गर्भधारणा यांबद्दल विचारायला लोक त्याच्याकडे येत.

तरीही हा विश्वास सरसकट नव्हता. ख्रिस्ती धर्माला तो तसा परवडणाराही नव्हता. सगळं ग्रहांनीच ठरवलं तर पाप कुणाचं आणि शिक्षा कुणाला? म्हणून सुशिक्षितांनी एक तोडगा मान्य केला होता. ग्रह माणसाला एका बाजूला कलवतात, पण ढकलत नाहीत. कल मिळाल्यावर पाऊल टाकायचं ते माणसानेच. कुंडली मांडणाऱ्या आणि कर्मावरही विश्वास ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ही तडजोड अनोळखी वाटू नये.

या तडजोडीमुळे नाटककाराला मोकळं रान मिळालं. रोमिओ नक्षत्रांचं किंवा नियतीचं नाव घेतो त्यातल्या तीन ठिकाणी त्याचं वागणं वेगवेगळं आहे. मेजवानीला निघताना त्याच्या मनात पाल चुकचुकते. आज रात्री सुरू होणारं काहीतरी आपल्या अकाली मरणात संपेल, असं त्याला वाटतं. तरी नाव हाकणारा हाकेल, म्हणून तो निघतो. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट याला मारल्यावर आपण नियतीच्या हातचं खेळणं झालो, असा तो आक्रोश करतो. ज्युलिएट गेल्याची बातमी कळल्यावर मात्र तो नक्षत्रांना आव्हान देतो आणि घोडे मागवतो. आधी शंका आली तरी दुर्लक्ष, मग स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचं खापर नियतीवर, आणि शेवटी नियतीशी झुंज म्हणून उचललेलं नेमकं तेच पाऊल, जे नियतीला हवं होतं. नक्षत्रांनी त्याला ढकलल्याचं नाटकात कुठे दिसत नाही. दिसतो तो प्रत्येक वळणावर नक्षत्रांचं नाव घेऊन पुढे जाणारा एक तरुण.

आणखी एक गंमत. १६२३ मध्ये शेक्सपियरच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यात या नाटकाची सुरुवातीची ती चौदा ओळींची नांदी छापलेलीच नाही. त्या प्रतीतून नाटक वाचणाऱ्याला वाकड्या नक्षत्रांची आगाऊ सूचना मिळत नाही. तरीही नाटक तितकंच अटळ वाटतं. ती अटळता आली कुठून, हे शोधायला आकाशातून खाली उतरून व्हेरोनाच्या रस्त्यावर यावं लागतं.

योगायोगांच्या मागची माणसं

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची चर्चा करताना एक कसोटी दिली होती. एका घटनेतून दुसरी घटना संभाव्यतेने किंवा अपरिहार्यतेने निघाली पाहिजे. नुसती एकीमागून एक येऊन चालत नाही. या कसोटीवर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नापास होतं, असं अनेक समीक्षकांचं म्हणणं आहे. योगायोग तरी किती! पण त्यातला एकेक उलटून पाहू.

ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट याच्या घरच्या मेजवानीची यादी घेऊन एक नोकर शहरात निघतो. त्याला अक्षरओळख नाही, म्हणून रस्त्यात भेटलेल्या तरुणाला तो यादी वाचून दाखवायला सांगतो. तो तरुण नेमका रोमिओ निघतो. योगायोग खरा, पण निरक्षर नोकराच्या हाती यादी देऊन त्याला पिटाळणारा मालक योगायोगाने आलेला नाही.

दुसरा योगायोग रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याच्या मरणाचा. टिबॉल्ट रोमिओला आव्हान देतो. तासाभरापूर्वीच त्याचा नातेवाईक झालेला रोमिओ लढायला नकार देतो. नकाराचं खरं कारण लग्न, आणि ते कुणालाच माहीत नाही. मर्क्युशिओला वाटतं, मित्र भ्याला. तो स्वतः तलवार उपसतो. रोमिओ सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबॉल्टचं पातं मर्क्युशिओच्या शरीरात घुसतं. इथे वार नेम धरून झाला नसेल, पण त्यामागे एक दडवलेली गोष्ट आहे. लग्न जाहीर असतं तर रोमिओचा नकार सगळ्यांना समजला असता.

तिसरा आणि सगळ्यात प्रसिद्ध योगायोग पत्राचा. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने झोपली आहे, हे कळवणारं पत्र घेऊन फ्रायर जॉन हा साधू हद्दपार रोमिओ राहतो त्या मॅन्टुआला निघतो. सोबतीला म्हणून तो आपल्याच पंथातल्या एका साधूला घ्यायला जातो. तो साधू आजाऱ्यांची शुश्रूषा करत असतो. शहराचे तपासनीस येतात, घरात प्लेगचा संशय घेतात आणि दारं बंद करून दोघांना आत कोंडतात. पत्र व्हेरोनाबाहेर जातच नाही.

आज हा प्रसंग ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. लंडनच्या प्रेक्षकाला तो तसा वाटला नसणार. १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकगृहं बहुतेक काळ बंद होती. रोगी सापडलेलं घर माणसांसकट बंद करणं हा तिथला नेहमीचा शिरस्ता होता. प्लेगच्या साथी आणि विलगीकरण आपल्यालाही परके नाहीत. आजार, बंद दार, न पोचलेला निरोप, यांत दैवी काही नाही. अशा काळात इतक्या महत्त्वाच्या पत्रावर दोन जिवांचं भवितव्य टांगायचं आणि दुसरा माणूस पाठवायचा नाही, हा मात्र निर्णय आहे आणि तो या जोडीचं लग्न लावणाऱ्या साधूचा, फ्रायर लॉरेन्सचा आहे.

रोमिओचा हात

ब्रूकच्या काव्यात टिबॉल्ट रोमिओवर चालून येतो आणि जीव वाचवण्यासाठी रोमिओ त्याला मारतो. मर्क्युशिओ तिथे मरत नाही. मर्क्युशिओचा बळी आणि त्यानंतरचा सूड ही शेक्सपियरची भर आहे. मर्क्युशिओला मारून टिबॉल्ट निघून गेलेला असतो. मग तो परत येतो. त्या क्षणी रोमिओ बाजूला होऊ शकतो. राजाने आदल्याच दिवशी बजावलं आहे की, पुन्हा रस्त्यात रक्त सांडलं तर देहदंड. खुनी कोण, हे पाहणारे साक्षीदार हजर आहेत. तरी तो लढतो. प्रेमाने आपल्याला बायकी केलं, अशी त्याची बोच असते. व्हेरोनाच्या रस्त्यावर पुरुषाने पुरुष म्हणून कसं वागायचं, हे ठरलेलं आहे आणि रोमिओ ते निमूटपणे पाळतो. नाटकात त्याने सर्वाधिक स्वतःच्या मर्जीने केलेलं कृत्य कुठलं, असं विचारलं तर उत्तर प्रेम नव्हे, हा खून आहे. आणि तो करताना तो प्रियकर राहिलेलाच नसतो. तो पुन्हा माँटेग्यू झालेला असतो.

नाटक इथेच दुभंगतं. तोवर ते प्रहसनाच्या साच्यात चाललेलं असतं. तरुण प्रेमिक, अडसर होणारा बाप, चावट बोलणारी दाई, मुखवटे, चोरून लग्न, असा सगळा सुखान्त नाटकांचा सरंजाम हजर असतो. त्या काळी शोकांतिका राजांच्या आणि सेनापतींच्या असत; प्रेमात पडलेल्या पोरासोरांची जागा विनोदी नाटकात. शेक्सपियरने ती जागा बदलली. मर्क्युशिओ मरताना दोन्ही घराण्यांना शाप देतो आणि त्यासोबत नाटकातला विनोदही जवळजवळ संपतो.

मॅन्टुआमध्ये रोमिओची दुसरी कसोटी लागते. नोकर बाल्थाझार बातमी आणतो, ज्युलिएट गेली. फ्रायरचं पत्र आहे का, असं रोमिओ विचारतो, आणि पत्र नाही म्हटल्यावर थांबत नाही. जरा धीर धरा, असं बाल्थाझार विनवतो. रोमिओ एका कंगाल औषधविक्याकडे जातो. मॅन्टुआत विष विकणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे, पण चाळीस डुकाट समोर ठेवल्यावर तो विकतो. आपली इच्छा नाही, गरिबी हो म्हणते आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. निवडीचं स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं नसतं, हे या नाटकात सर्वात स्पष्ट बोलणारा माणूस हा भुकेला दुकानदार आहे.

कबरीत पोचल्यावर तर पुरावाच रोमिओच्या डोळ्यांसमोर असतो. ज्युलिएटच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, हे त्याला दिसतं, आणि तो ते बोलूनही दाखवतो. निष्कर्ष मात्र काढत नाही. मरायचं हे ठरवून आलेल्या माणसाला जिवंतपणाची खूणही सौंदर्य वाटते.

ज्युलिएट विचार करते

‘प्रेम आंधळं असतं’ या वाक्याला या नाटकात सगळ्यात मोठं उत्तर ज्युलिएट आहे. पहिल्या भेटीत दोघं मिळून एक सुनीत पुरं करतात. चौदा ओळींत तिचा वाटा आहे, आणि ती नुसती ऐकून घेणारी नाही, प्रत्युत्तर देणारी आहे. रात्री बागेत रोमिओ चंद्राची शपथ घेऊ लागतो, तर ती म्हणते, चंद्र रोज बदलतो, त्याची नको. भिंत उंच आहे, आला कसा? माझ्या माणसांनी पाहिलं तर मारतील. हे सगळं फार अचानक होतंय, असंही तीच बोलून दाखवते. आणि एवढं बोलून झाल्यावर लग्नाचा विषयही तीच काढते. मनात लग्न असेल तर उद्या वेळ आणि जागा कळव. नसेल तर माझा नाद सोड. रोमिओ उपमा शोधत असतो, ती व्यवहार पाहत असते.

हे शब्द तेव्हा रंगमंचावर एक मुलगाच बोलत असे, कारण इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर स्त्रियांना मज्जाव होता. तरीही मिसरूड न फुटलेल्या त्या नटासाठी शेक्सपियरने लिहिलेली भूमिका नायकापेक्षा विचाराने पोक्त आहे.

औषध पिण्याआधी ती एकटी असते. तो प्रवेश म्हणजे एका मुलीने स्वतःशी केलेली उलटतपासणी आहे. हे काम केलंच नाही तर? तर उद्या बापाने ठरवलेल्या पॅरिसशी लग्न. म्हणून ती कट्यार उशाशी ठेवते. हे विषच असेल तर? आपलं लग्न लावल्याची भानगड मिटवायला फ्रायरने दिलेलं? तो सज्जन आहे, असं म्हणून ती हा संशय बाजूला सारते. रोमिओ यायच्या आत जाग आली तर? हवेविना गुदमरेन, किंवा टिबॉल्टच्या ताज्या प्रेताशेजारी भीतीने वेड लागेल. एवढी सगळी संकटं मोजून झाल्यावर ती प्याला उचलते. तिला धोका कळला नव्हता, असं कुणीही म्हणू शकणार नाही. तिची निवड डोळस आहे. फक्त निवडण्यासाठी तिच्यासमोर ठेवलं गेलं ते एवढंच, दुसऱ्या नवऱ्याशी पापाचं लग्न, कट्यार, किंवा हा प्याला.

हे इतकं आखूड कुणी केलं?

उतावळे कोण?

उतावळ्या नवऱ्यासाठी आपल्याकडे म्हण आहे. तो गुडघ्याला बाशिंग बांधतो. उतावळ्या सासऱ्यासाठी म्हण नाही, आणि या नाटकाला खरी गरज तिची आहे.

पॅरिस मागणी घालतो तेव्हा कॅप्युलेटचं बोलणं किती शहाणपणाचं असतं! मुलगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या. आणि तिचं मन जिंका, तिच्या पसंतीबाहेर मी नाही. सोमवारी रात्री, बायकोचा भाचा टिबॉल्ट मरून काही तासच झालेले असताना, हाच माणूस ज्युलिएटला न विचारता लग्न ठरवून टाकतो. बुधवार फार जवळ होईल, म्हणून गुरुवार. मुलगी नाही म्हणते, तर तो घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर मरू देण्याची धमकी देतो. मंगळवारी ती फ्रायरच्या सल्ल्याने होकाराचं नाटक करते. बापाला इतका आनंद होतो की, तो लग्न बुधवारवर आणतो. दोन वर्षांची मुदत दोन दिवसांत एका रात्रीवर येते. मॅन्टुआला पत्र पोचवायला हाती असलेला एक दिवस त्या आनंदाने खाल्ला.

आई जवळ येऊ देत नाही. दाई, जिने तिला दूध पाजलं, लग्नाचे निरोप पोचवले, शिडी आणली, ती एका वाक्यात बाजू बदलते. रोमिओ गेला, आता पॅरिसशी कर. त्या क्षणी ज्युलिएट मनातून तिला कायमची परकी करते आणि घरात तिचं कुणी उरत नाही.

फ्रायर लॉरेन्स हा हळू चाला असं सांगणारा माणूस. त्याचं पहिलं भाषण वनस्पतींवर आहे. एकाच फुलात विष असतं आणि औषधही. माणसातही सत्प्रवृत्ती आणि हट्ट असे शेजारी राहतात. हे जाणणारा हा साधू त्याच दुपारी गुपचूप लग्न लावतो. या लग्नातून दोन घराणी एक होतील, असा त्याचा डाव. डाव वाईट नाही. पण ज्या लग्नाने वैर मिटवायचं, ते लग्नच लपवून ठेवलं तर मिटणार कसं? नंतरही कॅप्युलेटच्या दारी जाऊन मुलीचं लग्न झालेलं आहे, दुसरं लावता येणार नाही, एवढं सांगण्याची संधी त्याच्यापुढे असते. तो औषधाची कुपी काढतो. शेवटी कबरीत ज्युलिएट जागी होते तेव्हा पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो तिला तिथे सोडून निघून जातो.

राहिलं वैर. ते कशावरून सुरू झालं, हे नाटक शेवटपर्यंत सांगत नाही. मोठ्यांना तरी ते आठवतं का, अशी शंका येते. म्हाताऱ्यांना शांतता राखणं काही कठीण नाही, असं कॅप्युलेटच पॅरिसला सांगतो. मेजवानीत टिबॉल्ट रोमिओला ओळखून हातघाईवर येतो, तर कॅप्युलेट त्याला दटावतो. मुलगा सद्गुणी आहे, सगळं शहर त्याचं नाव घेतं, म्हणतो. म्हणजे रविवारच्या रात्री हे वैर जवळजवळ सवयीवर चाललेलं होतं. कुणी तरी एकाने पुढे होऊन ते संपलं असं म्हणायचं होतं. ते म्हणण्याचा अधिकार आणि वेळ, दोन्ही ज्यांच्याकडे होतं, त्यांना निकड वाटली नाही. नाटकात दैव नावाचं जे काही आहे, त्याचा बराचसा भाग या न घेतलेल्या निर्णयांचा बनलेला आहे.

अर्धा तास

कबरीबाहेर बाल्थाझार फ्रायरला सांगतो की, रोमिओला आत जाऊन चांगला अर्धा तास झाला. वाटेत थडग्यांना अडखळत आलेला फ्रायर उशिरा पोचतो. रोमिओ मेलेला, पॅरिस मेलेला, आणि ज्युलिएट डोळे उघडते आहे.

हा अर्धा तास प्रेक्षकांना फार सलला. दा पोर्तो आणि बांदेल्लो यांच्या कथांत विष प्यालेला रोमिओ अजून जिवंत असताना ज्युलिएट जागी होते आणि दोघांना थोडं बोलायला मिळतं. ती भेट फ्रेंच अनुवादात गळली, ब्रूकने ती आणली नाही आणि शेक्सपियरनेही दिली नाही. पुढच्या काळाने मात्र ती परत मागितली. १६६२ मध्ये सॅम्युअल पेपिसने हे नाटक पाहिलं आणि इतकं वाईट नाटक आपण कधी ऐकलं नाही, अशी रोजनिशीत नोंद केली. त्याच सुमारास जेम्स हॉवर्डने दोघांना जिवंत ठेवणारी आवृत्ती केली. एक दिवस मरणाची, दुसऱ्या दिवशी जगण्याची, असे पाळीपाळीने तिचे प्रयोग झाले. मग टॉमस ऑटवेने ही कथा प्राचीन रोममध्ये नेताना नायिकेला वेळेत जागं केलं. १७४८ पासून डेव्हिड गॅरिक या बड्या नटाने शेक्सपियरच्याच नाटकात या शेवटच्या भेटीचे संवाद घातले, आणि सुमारे शंभर वर्षं लोकांनी तेच पाहिलं. १८४५ मध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन अभिनेत्रीने स्वतः रोमिओ होऊन लंडनमध्ये मूळ संहिता परत आणली. विसाव्या शतकात प्रोकोफिएव्हने बॅलेचं संगीत लिहिताना आधी सुखान्तच योजला होता. १९३८ मध्ये प्रयोग झाला तो दुःखान्त.

गॅरिकच्या शेवटात रडू भरपूर येतं, कारण दोघं मिळून नशिबाला दोष देऊ शकतात. मूळ शेवटात तो दिलासा नाही. दोघांपैकी कुणालाच काय घडलं ते पूर्ण कळत नाही. रोमिओ पत्राविषयी न कळता मरतो.

मराठी वाचकाला इथे ‘शाकुंतल’ आठवेल. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते संगीत नाटक म्हणून पुण्यात उभं केलं, तेव्हापासून ते आपल्या रंगभूमीच्या घरचं आहे. तिथेही वडीलधाऱ्यांच्या माघारी झालेला गांधर्वविवाह आहे, दुर्वासाचा शाप आहे, आणि निरोपाच्या पत्राऐवजी हरवलेली अंगठी आहे. दैव तिथे उघडउघड हस्तक्षेप करतं. तरी शेवट गोड होतो, कारण कालिदास आपल्या माणसांना वर्षं देतो. अंगठी माशाच्या पोटातून निघते, राजाला पश्चात्ताप होतो, मुलगा सिंहाच्या छाव्याशी खेळण्याएवढा मोठा होतो. संस्कृत नाट्यपरंपरेला दुःखान्त मानवत नव्हता हे खरं, पण कथेच्या पातळीवर फरक वेळेचा आहे. शाप असूनही वेळ मिळाली तर माणसं सावरतात. शाप नसताना वेळ नाकारली तर मरतात.

निकाल कुणी द्यायचा?

पहाटे सगळे कबरीपाशी जमतात. मोजले तर मेलेले सहा: मर्क्युशिओ, टिबॉल्ट, मुलाच्या हद्दपारीने खचून गेलेली रोमिओची आई, पॅरिस, रोमिओ आणि ज्युलिएट. यांत कॅप्युलेट आणि माँटेग्यू या दोन्ही घरांचे कर्ते पुरुष नाहीत. राजा एस्कलस कबूल करतो की, या भांडणांकडे आपण काणाडोळा केला आणि आपलेही दोन नातलग गमावले. दोघे बाप हात मिळवतात आणि लगेच एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचं कबूल करतात. तिथेही कोण जास्त देतो, याची किंचित चढाओढ आहेच.

ब्रूकने आपल्या काव्यात शेवटी निकालपत्र वाचून दाखवलं होतं. दाईला हद्दपारी, औषधविक्याला फाशी, नोकराची सुटका, फ्रायर एकांतात जाऊन पाच वर्षांनी मेला. त्यात बापांना शिक्षा नाही. शेक्सपियरच्या टेबलावर ही यादी होती आणि त्याने ती वापरली नाही. त्याचा राजा एवढंच सांगतो की, काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा. कुणाला काय, ते तो सांगत नाही.

ब्रूकच्या यादीत शिक्षा झाली ती दुसऱ्याच्या शब्दावर चालणाऱ्या लोकांना: दाई आणि उपाशी दुकानदार. शेक्सपियरने ती यादी गाळून न्याय अर्धवट ठेवला, असं वाटू शकतं. उलट त्याने तो जास्त काटेकोर केला. पाच दिवस प्रेक्षकाने पाहिलेलं असतं की, कुणी मुदत दिली आणि कुणी काढून घेतली, कुणाकडे तीन वाटा होत्या आणि कुणाकडे एक. तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या वाट्याला आलेल्या एवढ्याशा जागेत प्रत्येक पाऊल विचार करून टाकलं. ज्यांच्यासाठी सगळी जागा मोकळी होती, ते चालत राहिले सवयीने. हे पाहिल्यावर नक्षत्रांना जबाबदार धरायचं की नाही, हे प्रेक्षकाला ठरवायचं आहे. पण धरायचं असेल तर त्याने आधी कॅप्युलेटला, माँटेग्यूला आणि राजाला निर्दोष सोडलं पाहिजे. ते सोडणं जमत नाही, म्हणूनच हे नाटक नशिबाच्या नावावर खपवता येत नाही.